ओएचच्या शिडीला घाबरलेल्या मुलीस

प्रिय मुली,

‘बायोमॉलिक्यूल्सचा पेपर जमणार नाही’ हे सजीवांतल्या रेणूंच्या पेपरविषयीचं तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. पिंपळगावहून सकाळची एसटी पकडायची, नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरून कॉलेज गाठायचं आणि पहिल्याच तासाला फळ्यावर कार्बनची शिडी, तिला डावी-उजवीकडे लटकलेले ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट. ग्लुकोज, मॅनोज, गॅलॅक्टोज या शर्करा सगळ्या सारख्याच दिसतात म्हणतेस. मलाही दिसायच्या. मी त्या पाढ्यांसारख्या घोकल्या, प्रथिनं ज्यांची बनतात ती वीसच्या वीस अमिनो आम्लं घोकली, आणि परीक्षेत आलं काय, तर पीएच (आम्लतेचं माप) ७ असताना लायसीन या अमिनो आम्लावर विद्युतभार किती? रचना बिनचूक काढली, भार लिहिता आला नाही. त्या संध्याकाळी गोदाघाटावर बसून खूप रडले. विषयाच्या नावात ‘बायो’ आहे म्हणजे पाठांतर, असं मी धरून चालले होते. तुझंही तेच होतंय.

म्हणून आधी वही मिट आणि बागेत जा. हंगामात तुझे बाबा मण्याचा थेंबभर रस रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतात ना? पिकलेल्या मण्यातली ती साखर साधारण निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज. जुन्या मराठी पुस्तकांत ग्लुकोजला द्राक्षशर्कराच म्हणत. आणि मण्याचा आंबटपणा ज्या टार्टारिक आम्लामुळे येतो, तिथूनच या डाव्या-उजव्याची सगळी गोष्ट सुरू झाली. १८४८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरने त्याच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली चिमट्याने वेचून दोन ढीग केले. स्फटिक एकमेकांचे आरशातले जोडीदार होते, आणि त्यांची द्रावणं ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाला विरुद्ध दिशांना वळवत होती. असे दोन्ही जोडीदार समसमान मिसळले की तुम्ही ‘रेसिमिक’ म्हणता, तो शब्दही द्राक्षाच्या घडाच्या लॅटिन नावावरूनच आला आहे. निफाड तालुक्यातल्या मुलीला हा विषय परका वाटावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ओसाझोन, म्हणजे शर्करेपासून बनणारे पिवळे स्फटिक. प्रॅक्टिकलला शर्करेत फिनाइलहायड्राझीन हे रसायन घालून तापवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली पिवळ्या सुया बघायच्या, जर्नलवर सही घ्यायची आणि विसरून जायचं, असंच चालतं. इथे थांब. ग्लुकोज, मॅनोज आणि फ्रुक्टोज, तिघांचं ओसाझोन एकच येतं. का? अभिकारक पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनलाच धरतो, त्यामुळे तिघांमधला फरक नेमका तिथेच पुसला जातो. म्हणजे तिसऱ्यापासून खाली तिघंही सारखेच असले पाहिजेत! जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने १८९१ मध्ये ग्लुकोजची मांडणी ठरवली, तेव्हा त्याच्या हातात क्ष-किरण नव्हते, असेच पुरावे होते. पाचव्या कार्बनवरचा ओएच त्याने उजवीकडे धरला, तो मात्र निव्वळ अंदाज. १९५१ मध्ये डच शास्त्रज्ञ बायव्हूटने क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा तो अंदाज बरोबर निघाला, आणि तपासला होता तो क्षारही टार्टारिक आम्लाचाच. हे कळल्यावर मला ती शिडी पाठ करावी लागली नाही. ग्लुकोज काढायचा, दुसऱ्या कार्बनवर ओएच फिरवला की मॅनोज, चौथ्यावर फिरवला की गॅलॅक्टोज. हॅवर्थच्या कड्यात जाताना, म्हणजे तोच रेणू कड्याच्या रूपात काढताना, उजवीकडचे खाली जातात, डावीकडचे वर. रोज कोऱ्या कागदावर एकदा काढ, पुस्तक न बघता.

(फिनाइलहायड्राझीन शोधलं फिशरनेच, १८७५ मध्ये, आणि पुढे त्याच्याच विषबाधेने तो आजारी पडला. हातमोजे घाल, फ्यूमहूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, काम कर. मैत्रिणी हसल्या तरी चालेल.)

अमिनो आम्लांना एकच प्रश्न विचार: या गटाचा पीकेए (ज्या पीएचला तो निम्मा प्रोटॉन सोडतो तो आकडा) किती आणि द्रावणाचा पीएच किती? पीएच कमी असेल तर प्रोटॉन बहुतांशी चिकटलेला, जास्त असेल तर सुटलेला. लायसीनचे दोन्ही अमिनो गट पीएच ७ ला प्रोटॉन धरून बसतात, कार्बोक्सिल सोडून देतो, म्हणून भार अधिक एक. अकरावीत शिकलेलंच आहे हे.

लिपिड आणि न्यूक्लिक आम्लांची आत्ता काळजी करू नकोस. शर्करा हाताला बसली की राइबोज ओळखीचाच वाटेल.

साध्या साखरेला बेनेडिक्टची चाचणी (मोकळ्या टोकाची शर्करा असली की रंग बदलणारी) का येत नाही, हे तू विचारलं होतंस. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचे ॲनोमेरिक कार्बन, म्हणजे जिथे कडं उघडतं ते कार्बन, तिथे एकमेकांतच अडकलेले असतात, कडं उघडायला वावच नाही. सौम्य आम्लात उकळून, मग ते उदासीन करून पुन्हा कर आणि रंग बघ. लॅब असिस्टंट काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवलंस तर ते साहित्य काढून ठेवतील.

रविवारी घरी ये. येताना हिस्टिडीनचा पीएच ४ आणि पीएच ७ चा भार काढून आण, चुकला तरी आण. आणि बागेतले दोन घड.

तुझी,
ताई