व्यायामशंका : उंची सारखी, वजन सारखे, मग रॉडवर फरक का?

प्रश्न : माझे वय २८, उंची १७८ सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो आहे. पाच वर्षे नियमित धावतो. दोन अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत. चार महिन्यांपूर्वी कार्यालयातील एक मित्र आणि मी एकाच दिवशी जिम सुरू केली. त्याची उंची व वजन जवळजवळ माझ्याइतकेच आहे. आज तो स्क्वॉटमध्ये (खांद्यांवर रॉड घेऊन खाली बसून उठणे) १०० किलोचे पाच रेप्स, म्हणजे सलग पाच आवर्तने, काढतो. मी ६५ किलोवर अडकलो आहे आणि खाली बसताना पुढे झुकतो. बेंचप्रेसमध्येही (बाकावर झोपून रॉड छातीवरून वर ढकलणे) तो १५ किलो पुढे आहे. डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा रॉड उचलून ताठ उभे राहणे) मात्र आम्ही दोघेही ११० किलोवर आहोत. तो लहानपणी कोल्हापूरजवळच्या गावी तालमीत जात असे. 'तुझ्या पायांत ताकदच नाही,' असे जिममध्ये मला ऐकवले जाते. हे खरे आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत बोलके वाक्य डेडलिफ्टविषयीचे आहे. पायांत आणि कमरेत ताकद नसती, तर ११० किलो जमिनीवरून हललेच नसते. स्क्वॉट आणि बेंचप्रेसमध्ये मागे, पण डेडलिफ्टमध्ये बरोबरीने, हे चित्र लांब मांड्या आणि लांब हात असलेल्या माणसांत वारंवार दिसते, आणि आपली शरीरयष्टी तशीच असावी असा माझा अंदाज आहे. खात्री करायची असेल तर मापपट्टी घ्या. कमरेखाली बाजूला जे हाड हाताला लागते तिथपासून गुडघ्याच्या बाहेरच्या सांध्यापर्यंतचे अंतर दोघांचेही मोजा.

समजा, मित्राचे अंतर ४० सेंटिमीटर भरले आणि आपले ४६. तोल सांभाळायचा तर रॉड सतत पावलाच्या मध्यावर राहावा लागतो. मांडी जमिनीला समांतर होते तेव्हा दोघांचेही गुडघे त्या मध्यरेषेच्या १५ सेंटिमीटर पुढे गेले असे धरले, तर मित्राचा खुबा रेषेच्या २५ सेंटिमीटर मागे राहील आणि आपला ३१. याच अंतरावर नितंबांच्या व पाठीच्या स्नायूंना रॉडचे वजन तोलावे लागते. तराजूचा दांडा लांब झाला की तेच वजन जड लागते, तसा हा प्रकार आहे. ६५ गुणिले ३१ भागिले २५ केल्यास उत्तर साधारण ८० येते. म्हणजे आपल्या खुब्यावर ६५ किलोचा रॉड जेवढा भार टाकतो, तेवढा मित्राच्या खुब्यावर ८० किलोचा रॉड टाकील. (शरीराचे स्वतःचे वजन या हिशेबात घेतलेले नाही.) पुढे झुकणे हा मुळात आपला दोष नाही, मांडी लांब असलेल्या माणसाला तोल राखण्यासाठी झुकावेच लागते.

बेंचप्रेसमध्ये लांब हातांना रॉड अधिक अंतर ढकलावा लागतो. डेडलिफ्टमध्ये तेच हात उपकारक ठरतात, कारण रॉडपर्यंत पोहोचण्यासाठी कमी वाकावे लागते. अमेरिकेचे लामार गँट यांनी १९८५ साली स्वतःच्या वजनाच्या पाचपट, म्हणजे ६० किलो वजनगटात ३०० किलो डेडलिफ्ट केली. त्यांच्या असामान्य लांब हातांचा त्यात मोठा वाटा होता. स्नायूचा कंडरा हाडाला नेमका कुठे जोडलेला आहे यावरही बराच फरक पडतो, परंतु ते बाहेरून मोजता येत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

माझा हिशेब ८० किलोपाशी थांबला; मित्र १०० उचलतो. उरलेल्या वीस किलोंचे उत्तर बहुधा तालमीत आहे. शेकडो बैठका काढलेल्या मुलाला खोल बसून उठण्याची सवय असते, जोर काढून छाती, खांदे आणि दंड तयार झालेले असतात, आणि आखाड्यात समोरच्याचे अख्खे वजन अंगावर घेऊन श्वास कोंडून ताठ राहणे त्याने अनुभवलेले असते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते: एकाच वेळी अधिकाधिक स्नायुतंतू कामाला लावण्याचे शिक्षण. तो हा धडा पूर्वी गिरवून आला आहे, आणि सुटलेला सराव नव्याने शिकण्यापेक्षा लवकर परत येतो. आपली पाच वर्षांची धावही वाया गेलेली नाही, तिने दमसास दिला. मात्र हलके बल हजारो वेळा लावणे आणि एकदाच पूर्ण बल लावणे ही शरीरासाठी दोन निराळी कामे आहेत. त्यामुळे त्याचा आणि आपला 'पहिला दिवस' एक नव्हताच.

आता करायचे काय? आधी घोट्यांकडे पाहा. घोटा आखडलेला असेल आणि गुडघे १५ ऐवजी १० सेंटिमीटरच पुढे जात असतील, तर आपला खुबा ३६ सेंटिमीटर मागे जाईल. टाच उंच असलेले लिफ्टिंगचे बूट किंवा टाचेखाली पक्की फळी घेतल्यास हा फरक त्याच दिवशी जाणवतो. पाय थोडे रुंद ठेवून चवडे बाहेर वळवले, तरी मांडीची पुढे-मागे मोजली जाणारी लांबी घटते. दोन महिने स्क्वॉटला अडीच-अडीच किलोच वाढवा आणि तुलना स्वतःच्या मागच्या महिन्याच्या वहीशी करा.

डेडलिफ्टमध्ये एक गोष्ट तपासा. स्पर्धेतील मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर उंच राहतो. आपल्याकडील अनेक जिममध्ये लहान व्यासाच्या लोखंडी प्लेट लावतात. रॉड खाली जातो आणि लांब पायांच्या माणसाची पाठ सुरुवातीलाच गोल होते. तसे असेल तर दोन्ही बाजूंना प्लेटखाली सारख्या उंचीच्या फळ्या ठेवा.

प्रश्न : मी ४१ वर्षांची गृहिणी असून तीन आठवड्यांपासून जिमला जाते. बेंचप्रेसमध्ये मला नुसता रॉडही उचलत नाही, पण स्क्वॉट मात्र जमतो. माझे काही चुकते आहे का?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : काहीही चुकत नाही. स्त्री-पुरुषांच्या ताकदीतील फरक पायांपेक्षा खांदे, छाती आणि दंडांत अधिक असतो, आणि पाणी भरणे, जिने चढणे यांतून आपले पाय वर्षानुवर्षे काम करत आले आहेत. पूर्ण मापाचा रॉड २० किलोचा असतो. स्त्रियांच्या वेटलिफ्टिंग स्पर्धेतील रॉडही १५ किलोचा असतो. तेव्हा आधी जिममधील रॉड काट्यावर ठेवून त्याचे खरे वजन पाहा, कारण स्थानिक रॉड वाटेल त्या वजनाचे असतात. तोपर्यंत चार-चार किलोचे डंबेल्स घेऊन झोपून प्रेस करा आणि ओट्याला हात टेकून तिरके जोर काढा. रॉड उचलण्याची वेळ येईल तेव्हा डोक्याशी एक व्यक्ती उभी असू द्या.