कूलर नागपुरातच ठेव

नागपूर सोडून मुंबईला निघालास ना, मग पहिलं ऐक: कूलर सोबत आणू नकोस. मी आणला होता. रात्रभर चालवला, खोली काही गार झाली नाही, चादर तेवढी दमट झाली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पण हवा कोरडी. वाळ्याच्या ताटीवरचं पाणी झटकन उडतं आणि उडताना उष्णता ओढून नेतं. इथे पारा ३३-३४ च्या आसपासच, पण हवेतच इतकं पाणी की अंगावरचा घामही वाळत नाही. तेव्हा नुसत्या अंशांवर जाऊ नकोस.

पाऊस नागपूरच्या दुप्पट, तोही बहुतेक चार महिन्यांत. चामड्याचे बूट जुलैत कपाटात बंद ठेवलेस, तर पंधरा दिवसांत पांढरी बुरशी. स्वेटर एकच घे, तोही गावी जाताना ट्रेनमध्ये लागेल म्हणून.

मला विचारशील तर माझं मत अजूनही नागपूरलाच. उन्हाळा जीव काढतो, मान्य. पण झाडाखाली उभं राहिलं की सावली लागते तरी! आणि डिसेंबरात सकाळी १० अंशांत टपरीवर तर्री-पोहे... मुंबईचा खारा वारा संध्याकाळी बरा वाटतो, तेवढंच.