वडिलांचा मिनी ट्रॅक्टर आणि तीन लाखांचा हप्ता

पुण्यात नोकरी करणाऱ्या, मूळच्या निफाड तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. वडिलांनी 2009 साली द्राक्षबागेसाठी घेतलेला मित्सुबिशी शक्तीचा साडेअठरा अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, ते तीन वर्षांपूर्वी गेल्यापासून पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. मिस्त्रीने इंजिन उतरवून बोअर, पिस्टन-रिंगा, क्लच प्लेट, डिझेल पंप आणि चारही टायर मिळून 1 लाख 60 हजारांचा अंदाज दिला आहे. बाग काका पाहतात आणि फवारणीसाठी बाहेरच्या ट्रॅक्टरला वर्षाला 60 हजार जातात. ट्रॅक्टर दुरुस्त झाला तर हा खर्च वाचेल, वर भाड्याचे 80 हजार मिळतील, म्हणून विम्याच्या पॉलिसीवर 2 लाखांचे कर्ज काढावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ट्रॅक्टरचे उत्तर थोडक्यात देतो. बाहेरचा ट्रॅक्टर थांबला तरी डिझेल, ऑइल आणि किरकोळ दुरुस्ती थांबत नाही. 60 हजारांपैकी हाती 20 ते 25 हजार वाचतील. भाड्याचे 80 हजार विसरून जा. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर सगळ्या शिवाराला फवारणीसाठी ट्रॅक्टर एकाच वेळी लागतो, आणि त्याच दिवसांत तो तुमच्या बागेलाही हवा असतो. उघडलेल्या जुन्या इंजिनाचा खर्च अंदाजात राहत नाही, म्हणून 2 लाख धरा. म्हणजे वसुलीला आठ-दहा वर्षे. पॉलिसीवरच्या कर्जाला साडेनऊ टक्के व्याज धरले, तर वर्षाला 19 हजार व्याजातच जातील आणि बचतीचे जवळजवळ काहीच उरणार नाही. वडिलांची आठवण म्हणून ट्रॅक्टर चालू करावासा वाटणे मला समजते, आणि त्या कारणासाठी पैसे खर्च करण्यात काही गैरही नाही. फक्त त्याला धंद्याचा हिशेब म्हणू नका, आणि त्यासाठी कर्ज काढू नका.

इंजिन उतरवण्याआधी टाकीतले जुने डिझेल काढून, फिल्टर, ऑइल आणि बॅटरी बदलून, इंजेक्टर तपासून 20 हजारांत तो सुरू होतो का ते पाहा. कॉम्प्रेशन ठीक असेल आणि निळा धूर येत नसेल, तर बोअरचे काम टळू शकते.

पत्रात ओझरता आलेला मजकूर मात्र मला जास्त अस्वस्थ करणारा आहे. वडिलांच्या मागे हाती आलेले 15 लाख बँकेतल्या साहेबांनी ‘एफडीसारखीच, पण जास्त फायद्याची’ म्हणून एका पॉलिसीला जोडून दिले. वर्षाला 3 लाख, दहा वर्षे. विसाव्या वर्षी हमखास 60 लाख. 30 लाखांचे दुप्पट होणार, हे ऐकून तुम्ही सही केली. पण हप्ते दहा वर्षांत विभागून भरायचे असल्याने प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षे अडकतो, आणि तेवढ्यात दुप्पट म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के! त्यातही 15 लाखांत पाचच हप्ते भागतात. पुढचे पाच कुठून येणार, हे त्या साहेबांनी सांगितले नाही आणि तुम्ही विचारले नाही. पगार 85 हजार, घराचा हप्ता 34 हजार, घरखर्च 35 हजार. यातून वर्षाला 3 लाख निघत नाहीत.

आजवर 9 लाख भरले आहेत. आता पॉलिसी मोडली, तर भरलेल्या रकमेच्या 35 टक्के, या तिसऱ्या वर्षाच्या हिशेबाने 3 लाख 15 हजारांच्या आसपास हाती येतील. रागाने तसे करू नका. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे न मोडता भरलेल्या हप्त्यांपुरतीच चालू ठेवली, तर दहापैकी तीन हप्ते भरल्यामुळे 60 लाखांचे तीन-दशांश, म्हणजे सुमारे 18 लाख, मुदतीअखेर मिळू शकतात. आज सुटणाऱ्या सव्वातीन लाखांवर सतरा वर्षांसाठी तो दहा टक्क्यांच्या आसपास परतावा ठरतो आणि तो हमीचा आहे. उलट उरलेले 21 लाख भरत राहिलात, तर त्यांवर पाच टक्केच पडतात. पीपीएफ 7.1 टक्के करमुक्त देते आणि त्यात एखाद्या वर्षी 500 रुपयेच भरले तरी खाते चालू राहते. तुमच्या कंपनीकडून पेड-अप आणि सरेंडर (मोडल्यास हाती येणारी रक्कम), दोन्ही आकडे लेखी मागवा, कारण प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या असतात.

याहून गंभीर गोष्ट अशी, की वय 38, पत्नी नोकरी करत नाही, मुले दोन, घराचे कर्ज 38 लाख, आणि एकूण विमासंरक्षण केवळ 30 लाख. उद्या काही झाले, तर कर्जसुद्धा फिटणार नाही. दीड कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ संरक्षणाचा विमा, वर्षाला 25 ते 30 हजारांत बसतो. आधी तो घ्या. पेड-अप केल्यावर जुने संरक्षण 9 लाखांवर येईल, म्हणून हा क्रम उलटू नका. 15 लाखांतून हप्त्यांचे 9 लाख गेल्यावर एफडीत उरलेल्या 6 लाखांपैकी सव्वाचार लाख अडीअडचणीसाठी अलग ठेवा. उरलेल्यातून टर्म विम्याचा पहिला हप्ता गेल्यावर जे राहील, ती ट्रॅक्टरची मर्यादा.

ट्रॅक्टर रस्त्यावर आणण्याआधी त्याचे कागदही पाहा. आरसी बुक अजून वडिलांच्या नावावर आहे. मालकाच्या निधनानंतर तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून वाहन वारसाच्या नावे करायचे असते. ती मुदत केव्हाच उलटली आहे. शिवाय नोंदणीची पंधरा वर्षे 2024 मध्ये संपली. आई आणि बहीण याही कायदेशीर वारस असल्यामुळे त्यांची संमती लेखी घ्या, नाव बदलून नोंदणीचे नूतनीकरण करा आणि किमान थर्ड पार्टी विमा उतरवा. विम्याविना शेतापर्यंतच्या रस्त्यावर अपघात झाला, तर भरपाई तुमच्या खिशातून द्यावी लागेल, आणि ती 2 लाखांत थांबेलच असे नाही.

फेब्रुवारीत पुढचा हप्ता आहे. टर्म विमा हाती पडताच बँकेतली आपोआप वजावटीची सूचना लेखी अर्ज देऊन रद्द करा आणि पोच घ्या. साहेब समजूत घालायला घरी येतील. त्यांना साडेचार टक्क्यांचा हिशेब कागदावर मांडून दाखवायला सांगा.