समुद्राजवळच्या घराची कौलं गळतायत, काढून पत्रे घालू का?

सरसकट कौलं काढू नका हो, आधी माणूस वर चढवून रिपा-वासे (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या आणि त्यांना आधार देणारी लाकडं) कुजलेत का ते टोचून बघा, बऱ्याचदा चार-सहा रिपा बदलून नीट शाकारलं, म्हणजे कौलं परत नीट रचली, की गळती थांबते. आमच्या श्रीवर्धनच्या घराची ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्मी कौलं उडाली, मग मागच्या पडवीला घाईत लोखंडी पत्रे घातले तर खाऱ्या वाऱ्याने आधी स्क्रूच गंजले, भोकाभोवती तांबडे डाग आणि तिथूनच टिपटिप! पत्राच हवा असेल तर अॅल्युमिनियमचा बघा, स्क्रू स्टेनलेसचे, खाली रबरी वॉशर, आणि ते पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात नाही. कडेला जास्त स्क्रू लावा, वारा तिथूनच पत्रा उचलतो. उन्हाळ्यात मात्र पत्र्याखाली भाजून निघाल.