‘बंद होईना’, ‘बंद पाडला’ आणि ‘किल’चं मराठी

प्रश्न असा आहे: ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांसाठी सर्व्हर सांभाळायची टिपणं मराठीत लिहायची आहेत. त्यातला एक भाग, नेहमीच्या कमांडने बंद न होणारा वेब सर्व्हर कसा थांबवायचा, याचा आहे. इंग्रजी टिपणात जागोजागी ‘किल’ (kill) ही कमांड आहे. त्याला ‘मारा’ लिहावं, ‘समाप्त करा’ की ‘नष्ट करा’? आणि ‘सर्व्हर बंद होणार नाही तेव्हा’ हा मथळा चालेल का?

मथळ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे मराठीकडे तयार रूप आहे आणि ते हातचं सोडू नये असं मला मनापासून वाटतं. ‘बंद होणार नाही’ ही सूचना वाटते. ‘उद्या पाणी येणार नाही’ अशी पाटी लावतात, तशी. आपल्याला सांगायचंय ते वेगळं आहे: आपण खटपट करतोय आणि सर्व्हर दाद देत नाहीये. त्यासाठी आपण रोज बोलतो ते रूप म्हणजे ‘बंद होईना’. दार उघडेना, गाठ सुटेना, झोप येईना, ताप उतरेना. ‘उघडे’, ‘सुटे’, ‘होई’ या जुन्या रूपांना ‘ना’ जोडला की केलेली खटपटही त्यात येते आणि तिला न आलेलं यशही. ‘ही खिडकी उघडत नाही’ म्हणजे ती तशीच आहे, कुणी हातही लावला नसेल. ‘खिडकी उघडेना’ म्हटलं की कुणीतरी तिच्याशी झटलेलं आहे. अनेकवचनही सोपं आहे: सर्व्हर थांबेना, वर्कर थांबेनात. तेव्हा मथळा ‘सर्व्हर बंद होईना तेव्हा’ असा करा. ऑफिसात फोनवरून तक्रार याच शब्दांत येते.

आता ‘बंद’च्या पुढच्या क्रियापदाकडे. बंद करणं, बंद पडणं आणि बंद पाडणं या तिन्हींत मराठी माणूस कधी गल्लत करत नाही. दुकान रात्री बंद करतात. गाडी घाटात बंद पडते. सभा बंद पाडतात. १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या ‘बंद पडल्या’ म्हणणारा आणि त्या ‘बंद पाडल्या’ म्हणणारा, या दोघांचं भांडण एका आकाराएवढं आहे आणि त्या आकारात सगळी जबाबदारी येते. टिपणांत हा भेद कटाक्षाने पाळा. हातची कामं पुरी करून थांबवला तो ‘बंद केला’. आपोआप कोसळला तो ‘बंद पडला’. हातातली कामं अर्धवट सोडायला लावून थांबवला तो ‘बंद पाडला’. सकाळी कुणी विचारलं, ‘रात्री सर्व्हरचं काय झालं?’ तर यातला एक शब्द पुरतो.

पडणे–पाडणे, गळणे–गाळणे, तशीच जोडी मरणे–मारणे. पण ‘मारणे’ इतर प्रयोजकांसारखं सरळ राहिलेलं नाही. मराठीत आपण दिवसभर मारत असतो आणि त्यात कुणीही मरत नाही. गप्पा मारतो, उडी मारतो, शिट्टी मारतो, फेरी मारतो, शिक्का मारतो, भिंतीला रंग मारतो. सर्व्हर रूममध्येही एंटर मारतो, रीस्टार्ट मारतो, कंट्रोल-सी मारतो. इतकंच कशाला, ‘किल मार’ असंही सर्रास म्हणतो. यातल्या ‘मार’मध्ये जीव घेणं अजिबात नाही, तो अर्थ सगळा ‘किल’वर सोडलेला आहे.

खरोखर जीव घेतला हे सांगायला मराठीकडे दोन उपाय आहेत. एक म्हणजे जोडशब्द: ठार मारणे, मारून टाकणे. यातला ‘ठार’ पूर्णत्वही दाखवतो, म्हणून ठार वेडा आणि ठार बहिराही म्हणतो. दुसरा उपाय बारीक आहे आणि मला फार आवडतो: कर्माला लागणारा ‘ला’. ‘मुलाला मारलं’ म्हणजे चापट दिली असेल. ‘मुलगा मारला’ म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ‘बैलाला मारलं’ म्हणजे चाबूक ओढला, ‘वाघ मारला’ म्हणजे शिकार झाली. ‘ला’ गेला की जीवही गेला. म्हणून ‘प्रोसेस मारली’ (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) हे ‘किल’ला बरोबर बसतं आणि ‘प्रोसेसला मारलं’ हे ऐकायलाच चुकीचं वाटतं.

मग ‘मारा’ लिहून मोकळं व्हावं का? इथे थोडं थांबायला हवं, कारण युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टममध्ये खुद्द ‘किल’ हेच नाव कामाशी नीट जुळत नाही. किल ही कमांड प्रोसेसला सिग्नल, म्हणजे नंबर असलेला एक इशारा, पाठवते, बस. आकडा न देता चालवली तर पंधरा नंबरचा, म्हणजे टर्म नावाचा सिग्नल जातो. तो ऐकून काय करायचं ते प्रोसेस ठरवते: उघड्या फाइली मिटते, डेटाबेसची जोडणी सोडते, मग थांबते. किंवा कानाडोळा करते, तशी मुभा तिला आहे. एक नंबरचा हप सिग्नल दिला तर एनजिनएक्स आणि अपाची हे वेब सर्व्हर मरत नाहीत, सेटिंगच्या फाइली नव्याने वाचतात. आणि शून्य आकडा दिला तर सिग्नल जातच नाही, त्या नंबरची प्रोसेस आहे का एवढंच कळतं. दारावरून जाताना ‘आहेस का रे?’ विचारावं तसं. या सगळ्याला मराठीत नेमका शब्द आहे: हाक मारणे. किल म्हणजे हाक मारणं, आणि त्या हाकेत ‘मारणे’ आपसूक आलेलंच आहे.

नऊ नंबर मात्र हाक नाही. तो प्रोसेसच्या कानापर्यंत जातच नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, परस्पर तिला उठवून बाहेर काढतो, आवराआवर करायला क्षणही मिळत नाही. तो अडवता येत नाही, दुर्लक्षिता येत नाही. तिथे ‘ठार मारा’ किंवा ‘मारून टाका’ हेच लिहावं. शब्द अंगावर आला पाहिजे, म्हणजे लिहिणाऱ्याचा हात जरा थांबतो.

हे का म्हणतो ते सांगतो. मागे एका रात्री आमच्याकडच्या नव्या मुलाचा फोन आला. ‘दादा, एनजिनएक्स बंद होईना.’ काय केलंस विचारलं, तर म्हणाला, ‘पिड फाइलमधला (मास्टर प्रोसेसचा) नंबर घेतला आणि थेट किल मायनस नाइन मारलं. तरी साइट उघडतेय. आणि नवीन चालू करायला गेलो तर पोर्ट ऐंशी आधीच वापरात आहे म्हणतोय.’ त्याला म्हटलं, चालू प्रोसेसची यादी वाच. मास्टरची ओळ गेलेली होती. खाली वर्करच्या चार ओळी जशाच्या तशा होत्या, फक्त त्यांच्या पालकाच्या (त्यांना सुरू करणाऱ्या प्रोसेसच्या) रकान्यात आता ‘१’ हा आकडा आलेला, म्हणजे सिस्टमची पहिली प्रोसेस. एनजिनएक्समध्ये मास्टर हा मुकादम. येणाऱ्या मागण्यांना उत्तर वर्कर देतात, मास्टर त्यांना कामाला लावतो आणि सुट्टी सांगतो. मुकादमच मारून टाकल्यावर टोळीला सुट्टी कोण सांगणार? ती राबत राहिली, पोर्टही तिच्याकडेच राहिलं. त्या चौघांना एकेक करून क्विट सिग्नल द्यायला सांगितला आणि दोन-तीन सेकंदांत सगळे गेले. मास्टरला पहिल्यांदाच क्विट दिला असता तर त्यानेच हे केलं असतं. पोराची चूक नव्हती. त्याला शिकवणाऱ्याने ‘मार मायनस नाइन’ एवढंच शिकवलं होतं आणि त्यातला ‘मार’ एंटर मारण्याइतकाच हलका वाटत होता.

इथे ‘ग्रेसफुल शटडाउन’मधल्या ‘ग्रेसफुल’चा प्रश्न येतो, तुम्ही विचारलेला नसला तरी. त्याचं ‘डौलदार’ करू नका, यंत्राने केलेल्या भाषांतरात ते आढळतं. नवी मागणी घ्यायची नाही, आत आलेल्यांचं काम पुरं करायचं आणि मग थांबायचं, याला आपण ‘आवरतं घेणं’ म्हणतो. (दुकानदार याच कृतीला ‘दुकान वाढवणं’ म्हणतात. ‘बंद’ हा अशुभ शब्द टाळणारा तो सुंदर प्रयोग इथे वापरण्याचा मोह मला झाला होता. पण ‘सर्व्हर वाढवला’ म्हटलं तर आणखी मशिनं लावली असं वाटेल.) एनजिनएक्सला क्विट दिला तर तो आवरतं घेतो, टर्म दिला तर झटकन थांबतो. अपाचीचं वेगळं आहे. तिथे टर्म म्हणजे चालू मागण्या तोडून थांबणं आणि आवरतं घेण्यासाठी आहे विंच, जो मुळात टर्मिनलच्या, म्हणजे कमांड लिहायच्या, खिडकीचा आकार बदलला की जाणारा सिग्नल. त्यामुळे टर्मिनलमध्ये समोर चालू असलेला अपाची नुसती खिडकी लहानमोठी केल्यावर आवरतं घेऊन थांबल्याची उदाहरणं आहेत. टिपणात सिग्नलचं नाव आणि त्याचा परिणाम दोन्ही लिहा, कारण एकाच हाकेला दोन सर्व्हर वेगळी ओ देतात.

‘समाप्त’ आणि ‘नष्ट’ मी दोन्ही बाजूला ठेवीन. व्रत समाप्त होतं, कथा समाप्त होते, म्हणजे जे पूर्णत्वाला गेलं ते समाप्त होतं. अर्ध्यात तोडलेल्या कामाला तो मान देणं बरोबर नाही. ‘नष्ट’मध्ये मागे काही उरत नाही. इथे तर प्रोग्रॅम डिस्कवर तसाच असतो, पुन्हा चालू करता येतो. नव्या मुलाला ‘सर्व्हर नष्ट करा’ वाचून काय वाटेल याचा विचार करा.

हाकेला ओ न देणाऱ्या प्रोसेसचेही प्रकार आहेत आणि मराठी ते वेगळे ओळखते. टर्म ऐकून न ऐकल्यासारखं करणारी प्रोसेस अडून बसलेली असते. तिच्यासाठी नऊ नंबर आहे. डिस्ककडून किंवा नेटवर्कवरच्या स्टोरेजकडून उत्तराची वाट बघत कर्नलच्या आत थांबलेली प्रोसेस अडकून बसलेली असते. यादीत तिच्यापुढे डी हे अक्षर दिसतं आणि बहुतेक वेळा तिच्यावर नऊ नंबरही लगेच चालत नाही. आधी स्टोरेजचं बघावं लागतं. अडून आणि अडकून, एका ‘क’चा फरक, आणि उपाय पार वेगळे.

तिसरी झॉम्बी, यादीतलं अक्षर झेड. ती आधीच मेलेली असते, मेमरी सोडून गेलेली असते. फक्त तिच्या पालक प्रोसेसने तिचा शेवटचा निकाल वाचलेला नसतो म्हणून यादीत नंबर उरतो. तिला मारा लिहिणं निरर्थक आहे. घरातलं माणूस गेल्यावर रेशनकार्डावरून त्याचं ‘नाव कमी करतात’, तेच इथे करायचं असतं आणि ते पालकानेच करायचं असतं. पालक ते करत नसेल तर पालकाला थांबवावं लागतं, मग एक नंबरची प्रोसेस त्या पोराला आपल्याकडे घेते आणि नाव कमी करते.

तुमच्या टिपणातला भाग मी असा लिहीन:

‘सर्व्हर बंद होईना तेव्हा: आधी मास्टरला क्विट (अपाची असेल तर विंच) देऊन आवरतं घ्यायला सांगा. ठरलेली मुदत वाट पाहा. तरी थांबेना तर टर्म द्या. तरीही अडून बसला तर यादीतली अक्षरं वाचा, डी असेल तर स्टोरेज तपासा. नऊ नंबर शेवटी, आणि मास्टर मारून टाकावा लागलाच तर मागे राहिलेले वर्करही शोधून थांबवा. सर्व्हर बंद केला की बंद पाडला, ते नोंदवहीत लिहा.’

मुदतीचा आकडा तुमच्या मशिनवर बघून भरा. लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा सिस्टमडी, वेगळं सांगून ठेवलं नसेल तर, सहसा ९० सेकंद थांबतो आणि मग स्वतःच नऊ नंबर देतो, प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणारा डॉकर १० सेकंदच थांबतो.