राखाडी, करडा की पारवा?

प्रश्न असा आहे: दिवाणखान्यासाठी रंगाच्या दोन छटा बाजूला काढल्या आहेत. शेड कार्डावर एक 'वॉर्म ग्रे' आहे, दुसरी 'कूल ग्रे'. मराठीत दोन्हींना राखाडीच म्हणायचं का? मग करडा कोणता? आणि रंगाऱ्याला फरक सांगायचा कसा?

राखाडी आणि करडा बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी येतात, पण दोन्हींमागचं चित्र वेगळं आहे. राखाडी म्हणजे राखेसारखा एकजीव रंग. करड्यात काळ्या-पांढऱ्याची सरमिसळ दिसते, म्हणून दाढी करडी होते, राखाडी होत नाही. भिंतीचा रंग एकजीव असतो, तेव्हा तिथे राखाडीच बरा. शिवाय करडी नजर, करडी शिस्त हे अर्थ त्या शब्दाला असे चिकटलेत की 'हॉलला करडा रंग दिलाय' म्हटलं तर पाहुणे चपला न काढताच परत फिरायचे.

आता वॉर्म आणि कूल. यांना 'उबदार राखाडी' आणि 'थंड राखाडी' करू नका. मराठीत उबदार शाल असते. आपल्याकडे यासाठी 'झाक' हा नेमका शब्द आहे. छटा म्हणजे रंग किती गडद, किती फिका. झाक म्हणजे त्यातून डोकावणारा दुसरा रंग. कूल ग्रे म्हणजे निळी झाक असलेला राखाडी. त्याला जुना, सुटसुटीत शब्द आहे पारवा, कबुतराच्या पाठीचा रंग. साड्यांच्या वर्णनात तो अजून भेटतो. वॉर्म ग्रेला असा एकच शब्द नाही, कारण त्याची झाक पिवळी, तांबडी किंवा तपकिरी यांपैकी कोणतीही असू शकते. म्हणून पिवळसर राखाडी, तांबूस राखाडी असं फोडून सांगावं.

इथे प्रत्यय जपून वापरा. 'पिवळसर' ही नुसती नोंद आहे, 'पिवळट' ही तक्रार. तसंच काळसर आणि काळपट. मातीचा रंग आवडला तरी तो 'मातकट' म्हटला की नावडता वाटतो. क्रमही महत्त्वाचा: 'निळसर राखाडी'त मुख्य रंग राखाडी आहे, 'राखाडीसर निळा' म्हटलं की भिंत निळी झाली.

झाक येते कुठून? पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगद्रव्य मिसळतात त्या मूळ रंगात, नुसता काळा टाकला तरी मिश्रण निळसरच दिसतं. तो निळसरपणा मारायला पिवळा किंवा तांबडा ऑक्साइड घालतात. तो जितका जास्त, तितकी झाक मातीकडे. दुकानदाराकडे त्या शेडचं टिंटिंगचं प्रमाण असतं. दोन्ही शेडचं प्रमाण मागून घेतलं तर कार्डावर न दिसणारा फरक कागदावर दिसतो.

कार्डाचा चौकोन बोटभर, त्यावरून निवडाल तर फसाल. प्रत्येक शेडचा छोटा सॅम्पल डबा घ्या. दोन बाय दोन फुटांच्या जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, मध्ये चार तास जाऊ द्या आणि कडेला दोन इंच पांढरी पट्टी सोडा. ही पट्टी नसली आणि मागे जुनी पिवळट भिंत असली, की कोणताही राखाडी आहे त्याहून निळा दिसतो. भिंतीवरच लावायचा तर आधी प्रायमर हवा. कोरडी लांबी (पुट्टी) रंग शोषून घेते आणि डाग फुटल्यासारखी दिसते. ओल्या रंगावर निर्णय नको, इमल्शन वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं.

मग पुठ्ठे चारही भिंतींवर फिरवा. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड आधीच निळसर, त्यात पारवा आणखी निळा पडतो. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळच्या उन्हात तांबूस राखाडी गुलाबीकडे झुकतो. रात्री मुख्य भर दिव्यावर: ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली पारवा कोरडा वाटेल, ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्यात पिवळसर राखाडी जवळजवळ मातीचा होईल. उत्तरेची खोली आणि पांढरी ट्यूब असेल तर माझं मत पिवळसर राखाडीला. दिवसभर ऊन येणाऱ्या खोलीत पारवा खुलतो.

रंगाऱ्यापुढे मात्र पारवा, झाक हे काही नको. तो 'ग्रे' म्हणतो, त्याला कंपनीचं नाव, शेडचा कोड आणि मॅट (बिनचमकेचा) की शीन (हलक्या चमकेचा) एवढं लिहून द्या. तोच कोड दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये जुळवून घेतला, तर दुकानातल्या दिव्याखाली जुळलेला रंग घरी वेगळा दिसू शकतो. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीच्या भिंती दारं-खिडक्या वजा जाता साधारण ३८० चौरस फूट भरतात. दोन हातांना लिटरमागे ११० ते १५० चौरस फूट धरले तर अडीच ते साडेतीन लिटर लागेल. चार लिटरचा एकच डबा घ्या. एक-एक लिटरचे वेगवेगळ्या दिवशी टिंट केलेले डबे घेतले, तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळल्याशिवाय भिंतीला लावू देऊ नका; राखाडीत दोन डब्यांमधला फरक कोपऱ्यात लगेच उघडा पडतो.