पहिलं रीळ वाया घालव

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना चिडलोच. चार पानांतली साडेतीन तू फिल्मचे फायदे आणि तोटे मांडण्यात घालवलीस आणि शेवटी, जाता जाता उल्लेख करावा तसं लिहिलंस की आजी नव्वदीच्या पुढे गेली आहे आणि चावीवर चालणारा हा जुना फिल्म कॅमेरा तुला तिच्यासाठी वापरायचा आहे. अगं, पत्र तिथून सुरू करायचं होतं! दुसऱ्यांदा फक्त ते शेवटचं अर्धं पान वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

फिल्मवर उजेड कसा दिसतो हे मी तुला सांगायला नको. ते डोळ्यांत भरलंय म्हणून तर तू यात पडते आहेस. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस. पहिलं रीळ वाया घालव. आजीसमोर कॅमेरा नेण्याआधी एक अख्खं रीळ पुस्तकांवर, भिंतीवर, घड्याळावर खर्च कर. ते धुऊन आण, स्कॅन करून घे, डोळ्यांनी बघ. तोवर त्या कॅमेऱ्याने आजीच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही.

तू लिहिलंस, ‘कॅमेरा उत्तम चालू आहे, चावी दिली की झकास आवाज करतो.’ आवाज करतो म्हणजे स्प्रिंग शाबूत आहे, एवढंच. वेग बरोबर आहे का, झाकणाच्या फटीतून उजेड आत शिरतो का, लेन्स जागेवर बसते का, यातलं काहीही आवाजावरून कळत नाही. चावीचे १६ मिलिमीटरचे कॅमेरे म्हणजे कित्येक दशकांपूर्वीची यंत्रं. त्यातलाच एक, बोलेक्स कंपनीचा एच १६ हा कॅमेरा, पहिल्यांदा बाजारात आला तो १९३५ साली. ज्यांनी ही यंत्रं घडवली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण ती अजून फिरतात. पण यंत्र फिरणं वेगळं आणि चित्र नीट उमटणं वेगळं.

हे मला कसं कळलं ते सांगतो.

वडील तेव्हा ८१ वर्षांचे होते. दुपारी खिडकीपाशी बसून घड्याळं दुरुस्त करायचे, हौस म्हणून. डोळ्याला भिंग लावलं की चेहरा एका बाजूने आक्रसायचा, आणि बारीक स्क्रू चिमट्यात आला की ते श्वास रोखून धरायचे. मला तो रोखलेला श्वास हवा होता. कॅमेरा नुकताच घेतला होता. विकणाऱ्याने त्यावर काढलेली फिल्म दाखवली होती. भर उन्हातली झाडं, रस्ता, सगळं कसं लख्ख. मी निर्धास्त झालो. खोलीत उजेड कमी होता, म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, पूर्ण उघडलं. आत फिल्म जिथे असते त्या जागेची खूण कॅमेऱ्याच्या अंगावर असते. तिथपासून त्यांच्या डोळ्यापर्यंत टेपने मोजलं, बरोबर चार फूट. लेन्सवर चार फूट लावले आणि दोन रिळं काढली.

रिळं धुऊन यायला वेळ लागला. तेवढ्यात वडील गेले.

स्कॅन उघडलं तेव्हा त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे एकेक करून वाचता येत होते. वडिलांचा चेहरा मात्र धुक्यात होता. भिंग, चिमटा, बोटं, सगळं विरघळल्यासारखं. दोन्ही रिळांत, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत.

पुढे एका कारागिराने कॅमेरा उघडून तपासला. सी माउंटच्या, म्हणजे लेन्स आट्यांनी फिरवून बसवायच्या, कॅमेऱ्यात लेन्स जिथे टेकते ती कड आणि फिल्म यांच्यात १७.५२६ मिलिमीटर अंतर लागतं. माझी लेन्स मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याने जास्त आत बसत होती. तेवढ्याने चार फुटांवरचा फोकस साडेसहा फुटांवर गेला, म्हणजे थेट भिंतीवर. बाहेर उन्हात ॲपर्चर बारीक असतं, तेव्हा जवळचं-लांबचं सगळंच लख्ख येतं आणि ही चूक झाकली जाते. म्हणून विकणाऱ्याची झाडं लख्ख आली होती. तो खोटं बोलला नव्हता. मी पहिलं रीळ वाया घालवलं नव्हतं.

आता कळलं मी का ओरडतोय?

वाया घालवायचं म्हणजे कसं, तेही नीट ऐक. १०० फुटांच्या रिळात ४,००० फ्रेम असतात. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने २ मिनिटं ४६ सेकंद होतात. चाचणीला हे भरपूर झालं. टेबलावर तीन, चार, पाच, सहा, सात फुटांवर एकेक पुस्तक उभं कर, एकाआड एक झाकलं जाणार नाही असं तिरकं. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात त्याचं अंतर लिहून चिकटव. लेन्स चार फुटांवर लाव, ॲपर्चर पूर्ण उघड, दहा सेकंद चालव. जेवढ्या लेन्स आहेत तेवढ्यांदा हेच कर. मग सेकंदकाटा असलेलं घड्याळ घे. पूर्ण चावी देऊन, ती संपेपर्यंत घड्याळ टिप. स्कॅनवर फ्रेम मोजल्या की सुरुवातीला सेकंदाला किती आणि चावी संपत येताना किती, हे समोर येईल. म्हातारी स्प्रिंग शेवटी दमते. मग लेन्सला झाकण लावून कॅमेरा दहा मिनिटं उन्हात ठेव आणि झाकणासकट पाच सेकंद चालव. उजेड आत शिरत असेल तर त्या पट्ट्यात दिसेलच. उरलेली फिल्म आजीच्या खोलीच्या उजेडात, आजीच्या रिकाम्या खुर्चीवर: एकदा उजेड मोजणारा मीटर सांगेल तसं, एकदा एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट उजेड), एकदा एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा). (हो, मघाशी उंबरा ओलांडायचा नाही म्हणालो. आजी बाहेर असताना एवढ्यापुरती मुभा.) ज्या उजेडात खरं काम करायचंय त्याच उजेडात चाचणी. मी घेतली तशी उन्हातल्या झाडांची ग्वाही घेऊ नकोस.

मीटरवरून आठवलं. कॅमेऱ्यातल्या मीटरच्या भरवशावर राहू नकोस. ते जुने मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. ते सेल बंद झाले आणि आजचे अल्कलाइन १.५ व्होल्टचे आहेत. काटा बहुधा उजेड आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो आणि फिल्मला उजेड कमी पडतो. हातातला मीटर घे, नाहीतर फोनवरचा वापर. निगेटिव्ह फिल्मला, जिच्यावर चित्र उलट्या छटांत उमटतं तिला, उजेड थोडा जास्त झाला तर ती सांभाळून घेते, कमी झाला तर माफ करत नाही. रिव्हर्सलचं, म्हणजे जिच्यावर थेट सरळ चित्र उमटतं त्या फिल्मचं, उलटं आहे, ती जास्त झालेला उजेड फारसा सहन करत नाही, म्हणून तुझ्या पहिल्या कामाला ती नको. खिडकीच्या उजेडाला कोडॅकची २५०डी ही दिवसाच्या उजेडासाठीची निगेटिव्ह चांगली.

पिशवीत सापडलेलं ते कोडाक्रोमचं रीळ चाचणीला वापरू का, असं विचारलंस. नको. कोडाक्रोम ही कोडॅकची जुनी रंगीत फिल्म २००९ मध्ये बंद झाली आणि २०१० संपता संपता तिची रंगीत धुलाईही कायमची थांबली. ते रीळ आता फार तर काळंपांढरं धुता येईल. आणि चाचणीची फिल्म तीच हवी, जी पुढे वापरणार आहेस. मागवण्याआधी कॅमेरा उघडून फिल्म पुढे ओढणारं दातेरी चक्र मात्र बघ. दोन्ही बाजूंना दाते असतील तर दोन्ही कडांना भोकं असलेलीच फिल्म लागेल. आज १६ मिलिमीटरची फिल्म बहुतेक एकाच कडेला भोकं असलेली मिळते. ती घातलीस तर दुसऱ्या बाजूचे दाते कोऱ्या कडेला टोचून तिच्या चिंध्या करतील. लॅबशी आधी बोल, फिल्म नंतर घे. फूजीने चित्रीकरणाची फिल्म २०१३ मध्येच थांबवली, रंगीत निगेटिव्ह म्हणजे आता जवळपास कोडॅकच, आणि ती धुणाऱ्या लॅबही मोजक्याच उरल्यात. फिल्म विमानातून न्यावी लागली तर सामानात टाकू नकोस. हातात ठेव आणि यंत्रातून न घालता हाताने तपासा अशी विनंती कर.

तुझा मित्र सुपर ८ घे म्हणतो, म्हणजे ८ मिलिमीटरची घरगुती फिल्म. १९६५ पासूनची चांगली सोय आहे, कार्ट्रिज घातलं की झालं, पण फ्रेम अगदीच छोटी. तुझ्याकडे १६ आहे. विषय संपला.

आता तुझा खरा प्रश्न. फोन असताना हा खटाटोप कशाला?

माझा भाऊ हेच म्हणत होता. ‘बाजूला व्हिडिओ कॅमेरा लावून ठेव, निदान आवाज तरी राहील.’ मी ऐकलं नाही. मला वाटलं, व्हिडिओ चालू असला तर मी फिल्मकडे लक्ष देणार नाही. त्यामुळे वडिलांचा आवाज माझ्याकडे नाही. काम करताना ते स्वतःशी पुटपुटायचे, तेही गेलं. यात भाऊ बरोबर होता. चावीचा कॅमेरा खडखडतो, वेगही घड्याळासारखा पक्का नसतो, त्यामुळे ओठ आणि आवाज जुळवायचा नाद तू करू नकोस. फोन मात्र आजीच्या जवळ ठेव आणि तासभर नुसता आवाज घे. वेगळ्या दिवशी घे, हवं तर कॅमेरा नसताना घे. पण घे.

फिल्मबद्दल मी अजून माझ्या जागेवरून हललेलो नाही. दोन रिळं म्हणजे साडेपाच मिनिटं. तेवढीच आहेत हे ठाऊक असल्यामुळे मी आधी तीन दुपारी नुसता त्यांच्यासमोर बसलो होतो. आधी मागचं झाकण काढतात, मग स्क्रू पांढऱ्या कागदावर ओळीने मांडतात, मग हात पुसतात, मग भिंग. श्वास नेमका कधी अडतो हे मला पाठ झालं होतं. फोन असता तर तो तिपाईवर लावून मी आत चहा करायला गेलो असतो. एका चावीत अर्धं मिनिटही मिळत नाही, म्हणून चावी कधी सोडायची हे ठरवावंच लागतं, आणि ठरवायचं तर माणसाकडे बघावं लागतं. त्या धूसर रिळातही मला अजून दिसतं, खांदे थांबले, आता श्वास रोखलाय. म्हणून ती रिळं फुकट गेली असं मी कुणालाही म्हणू देत नाही.

पण मला दिसतं ते मला आधीच माहीत आहे म्हणून. माझ्या मुलाला दाखवली तर त्याने विचारलं, ‘यात आजोबा कुठले?’ तुझ्या आजीबाबत हा प्रश्न कुणी विचारावा अशी माझी इच्छा नाही. म्हणून पुन्हा सांगतो आणि सांगत राहीन. पहिलं रीळ वाया घालव.

‘आजीकडे फार वेळ नाही, चाचणीत महिना जाईल’ हे तुझं वाक्य मी वाचलं आहे. मीही हेच म्हणालो होतो. तोवर तिला फोनवर टिपत राहा ना, तुला कोण अडवतंय? उद्यापासून रोज दहा मिनिटं तिच्यासमोर बस, हातात काहीही न घेता. ती काय करते, कुठला हात आधी उचलते, उजेड तिच्या गालावर किती वाजता येतो, ते वहीत लिही. फिल्म धुऊन येईपर्यंत ती वही भरेल.

येत्या रविवारी पुस्तकं मांड. स्कॅन आलं की आधी स्वतः बघू नकोस, तसंच मला पाठव, आणि सोबत फोन कर. चारचं पुस्तक लख्ख आहे की सहाचं, ते आपण दोघं एकदमच बघू.

तुझा,
काका